खुणांचा मजकूर आणि छापील पान

बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली, आणि त्याच वर्षी तिच्या शोधनिबंधांचे प्रकाशन सुरू झाले. त्या काळी पानाचे रूप शिशाच्या खिळ्यांनी ठरे. तोच निबंध निराळ्या आकारात छापावयाचा झाल्यास जुळणी नव्याने करावी लागे.

आज मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवता येतात. १९९८ साली प्रमाणित झालेल्या एक्सएमएल या पद्धतीत 'हे शीर्षक', 'ही तळटीप' एवढेच खुणांनी सांगितलेले असते. ते कसे दिसावे हे सांगितलेले नसते. याउलट १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा निश्चित असते. पहिल्यापासून दुसरे घडविणारे साधन निवडणे हा खरा प्रश्न होय.

यासाठी प्रमुख मार्ग तीन. पहिला एक्सएसएल-एफओचा (२००१): मजकुराचे प्रथम पानाच्या वर्णनात रूपांतर होते, मग मांडणीयंत्रणा पान रचते. अपाची एफओपी ही यंत्रणा विनामूल्य मिळते; अँटेना हाउसची विकत घ्यावी लागते. दुसरा मार्ग सीएसएसचा. संकेतस्थळे सजविणारे नियमच येथे छापील पानाला लावतात. 'प्रिन्स' हे साधन या वर्गातले. तिसरा मार्ग डोनाल्ड कनुथ यांच्या टेकचा (१९७८). टेक एकेका ओळीपुरते न पाहता संपूर्ण परिच्छेदाचा विचार करून ओळी तोडते. अकादमीच्या 'प्रमाण' या भौतिकीच्या नियतकालिकात येतात तशी समीकरणे मांडण्यात त्याचा विशेष लौकिक आहे. मात्र एक्सएमएलच्या खुणा आधी टेकच्या आज्ञांत बदलून घ्याव्या लागतात.

साधनाची पारख जाहिरातीवरून करू नये. आपल्याच ग्रंथातील सर्वांत अवघड पान घ्यावे: दोन पानांवर पसरणारे कोष्टक, लांब तळटीप, एखादे समीकरण. मराठीसाठी 'स्थिती' हा एक शब्दही पुरेसा आहे. त्यातील ऱ्हस्व वेलांटी संगणकात 'थ'नंतर साठविलेली असते, पण कागदावर ती 'स्थ'च्या आधी उमटावी लागते. जे साधन येथे चुकते, ते इतर बाबतीत कितीही उत्तम असले तरी मराठी ग्रंथाच्या कामाचे नाही.

शेवटी एक दक्षता. साधने जुनी होतात, काही बंदही पडतात. म्हणून ग्रंथालयाने पीडीएफबरोबर खुणांचा मूळ मजकूरही जपून ठेवावा. तो शाबूत असेल, तर नवे साधन घेऊन नवे पान केव्हाही रचता येते.