अपुऱ्या दुरुस्तीचा धडा

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यास 'कर्नेल' म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनीं फिनलंडमध्यें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं आरंभिलेला 'लिनक्स' हा गाभा आज जगभर वापरांत आहे. त्याची दुरुस्ती अखंड चालू असते. दुरुस्तीमुळें पूर्वीं नीट चाललेलें काम बिघडलें, तर त्यास 'रिग्रेशन' म्हणजे पीछेहाट म्हणतात. अशा एका पीछेहाटीचा आपण विचार करूं.

फाइलींत पुढील मजकूर कोठें लिहावयाचा याची खूण गाभा ठेवतो, व प्रत्येक लेखनानंतर ती पुढें सरकवितो. सोलापूरच्या मागावर चादर विणतांना आडव्या धाग्यांबरोबर विणलेलें कापड रुळावर गुंडाळलें जातें. तें सरकलेंच नाहीं, तर नवा धागा जुन्याच जागीं येऊन पडेल. फाइलीची खूण अडली कीं तसेंच होतें. मात्र तेथें नवीं अक्षरें जुनीं पुसून टाकतात.

'एक्स्ट-फोर' या फाइल-व्यवस्थेंत केलेली एक दुरुस्ती २०२३ च्या नोव्हेंबरअखेर ६.१.६४ या जुन्या शाखेच्या आवृत्तींत आणली गेली. तिच्यामुळें, डिस्कवर थेट लेखन संपल्यावर एक्स्ट-फोर 'इतके बाइट लिहिले' असा आंकडा गाभ्याच्या सामाईक भागास कळवूं लागली. नव्या गाभ्यांत हा भाग ऋण आंकडा आला तरच अपयश समजे. जुन्या गाभ्यांत मात्र शून्याखेरीज कोणताहि आंकडा आला कीं खूण जागची हलत नसे. सामाईक भागांतील ती सुधारणा मागेंच राहिली होती. म्हणून थेट लेखनांतील मजकूर चुकीच्या जागीं पडूं लागला.

चांचणीचे प्रयोग फसूं लागल्यावर यान कारा यांनीं हें कारण उलगडून दाखविलें. राहिलेली सुधारणा ६.१.६६ मध्यें घातली गेली. या दोषामुळें 'डेबियन' संस्थेनें ९ डिसेंबरची १२.३ ही आवृत्ति रोखून धरली, व दुसऱ्याच दिवशीं दुरुस्त गाभ्यासह १२.४ प्रसिद्ध केली. परंतु गाभा सुधारल्यानें आधीं बिघडलेल्या फाइली पूर्ववत् होत नाहींत. ज्यानें वेगळी प्रत जपून ठेविली, त्याचेंच लेखन वांचतें.

दुरुस्ती निर्दोष होती; तिची जोडीदारीण मात्र बरोबर नव्हती. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस एवढेंच सांगतों: एका वहींतील पायरी दुसऱ्या वहींत उतरवितांना ती बरोबर आहे काय, इतकेंच पाहूं नका, ती कोणत्या पायरीवर उभी आहे, हेंहि पाहा.