अनुताप आणि स्तवन : राजनांदगावच्या वाटेवरून

भिलाईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग सोडले की राजनांदगाव लागते. मराठी भक्तिकाव्याच्या अभ्यासकाने या स्थानकाची नोंद घ्यावयास हवी. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तिच्या सुमारे पासष्ट वर्षे आधी, नोकरीच्या विवंचनेत असलेले नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ही हकीकत सर्वपरिचित आहे. परंतु ज्या प्रवचनाचा आरंभच दीनांना आणि शोकाकुलांना धन्य म्हणण्याने होतो, ते टिळकांना परके का वाटले नाही, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर बव्हंशी मराठी संतांकडे आहे.

शोकात धन्यता पाहण्याची ही दृष्टी एकनाथांच्या भागवतात विस्ताराने आढळते. १५७३ मध्ये काशीस पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या कृपण ब्राह्मणाची कथा आहे. त्याचे धन जाते, आप्त पाठ फिरवतात, आणि सर्व गेल्यावर त्याला अनुताप होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, धन परत मिळावे असे तो मागत नाही. हरी प्रसन्न झाला म्हणूनच हे घडले, असे तो मानतो. म्हणजे अनुताप आधी, मग संकटनिवारण, मग स्तुती असा क्रम येथे नाहीच. अनुतापाच्या पोटातच स्तवन आहे.

तरीही अवंतीचा कृपण हा पुराणातील माणूस. तुकारामांच्या बाबतीत हाच विचार प्रत्यक्ष दुष्काळाच्या कसोटीस उतरला. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात होरपळले. आत्मचरित्रपर अभंगांत तुकाराम सांगतात ते थोडक्यात असे : दुष्काळाने द्रव्य नेले, मान नेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, लाज वाटली, व्यवहारात तूट आली. यानंतर मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करण्याची इच्छा आणि एकादशीचे कीर्तन. निवेदनात कोठेही अलंकार नाही. दुसऱ्या एका अभंगात मात्र याच आपत्तींची यादी देवाला उद्देशून येते आणि प्रत्येक आपत्ती 'बरी झाली' म्हणून स्वीकारली जाते. दिवाळे बरे झाले, दुष्काळ बरा झाला, कारण अनुतापामुळे देवाचे चिंतन राहिले.

येथे चिकित्सक वाचकाने थबकावे. भुकेने मेलेल्या स्त्रीच्या मृत्यूला 'बरे' म्हणण्याचा अधिकार कोणाला? भक्तिकाव्याच्या गौरवपर विवेचनात हा प्रश्न टाळला जातो, आणि पुढील चरित्रकारांनी, विशेषतः महीपतींनी, कथेला जो गोडवा आणला त्यात तो विरूनही जातो. पण मूळ अभंगांत तो जिवंत आहे. पहिल्या अभंगातील लाज दुसऱ्यातील स्तवनाने पुसली जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या आहेत. तुकाराम दुष्काळाचे समर्थन करीत नाहीत. दुष्काळातून जे हाती लागले तेवढ्याचीच पावती देतात. हा भेद न केल्यास त्यांच्यावर अन्याय होईल.

टिळकांनी हा वारसा सोबत नेला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या मार्गाने आलो, अशी त्यांची स्वतःची भूमिका होती, आणि 'अभंगांजली' हे नावच तिची साक्ष देते. मात्र एक सूक्ष्म अंतर पडले. मराठी बायबलात रूढ झालेला शब्द 'पश्चात्ताप' हा आहे. त्यात घडलेल्या पापाकडे वळून पाहणे मुख्य. संतांच्या 'अनुतापा'त पापाची जाणीव असतेच, पण भर संसाराच्या ओढीतून जागे होण्यावर असतो. टिळकांची भक्तिगीते या दोन शब्दांच्या मधोमध वावरतात. दोषाची कबुली ख्रिस्ती उपासनेची, तर सलगी, हट्ट आणि लगोलग येणारे स्तवन वारकरी वळणाचे. त्यांच्या घरच्यांना मात्र हे सातत्य दिसण्याजोगे नव्हते. त्यांना दिसली ती ताटातूट, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये तिची किंमत निर्भीडपणे नोंदली गेली आहे.

याच काळाचे दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७० नंतरच्या दशकात त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत दगावली. १८९७ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातून दुष्काळपीडित मुली आणून त्यांना आश्रय दिला. छत्तीसगड तेव्हा याच प्रांतात होता. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात पश्चात्तापाची आणि स्तुतीची जी लाट उसळली, तिचा संबंध त्या वेळी वेल्स आणि खासी टेकड्यांतील जागृतीशी जोडला गेला, आणि तो खराही आहे. परंतु त्या समुदायात दुष्काळातून वाचलेल्या कित्येक मुली होत्या, आणि त्यांच्या स्तवनाची भाषा मराठी होती. त्या भाषेत आपत्ती, अनुताप आणि कीर्तन ही तीन पदे देहूच्या वाण्याने पावणेतीनशे वर्षांपूर्वीच एकत्र आणून ठेवली होती.