आकडा खरा केव्हा मानावा?

३० मे २०२४ रोजी आपल्या नागपुरात उत्तर अंबाझरी मार्गावरील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले. माझे वडील गवंडीकाम करतात. आई म्हणाली, “उद्या कामावर जाऊ नका.” बाबा म्हणाले, “अन् मजुरी?” पुढे हवामान खात्याने संवेदकात बिघाड असल्याचा खुलासा केला. इतर काही केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. शेजारची नोंद होती, म्हणून चूक उमगली.

पण जेथे शेजारच नाही, तेथे काय? ऑगस्ट २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ ही बग्गी मंगळावर उतरली. हवेचे तापमान, दाब, आर्द्रता व वारा मोजण्याची साधने तिच्यावर आहेत. वाऱ्याचे संवेदक दोन दांड्यांवर बसविले होते. त्यांपैकी एका दांडीवरील संवेदक उतरतानाच निकामी झाले. बहुधा उडालेल्या खड्यांमुळे. दुरुस्तीला कोण जाणार? शास्त्रज्ञांनी उरलेल्या दांडीवर काम भागविले आणि मागून येणाऱ्या वाऱ्याचे मोजमाप कच्चे राहते, हे मान्य केले.

तात्पर्य, आकड्यासोबत तो कोठे व कसा मोजला, हेही विचारले पाहिजे. हवामान खाते तापमान मोजते ते सावलीतल्या पेटीत. बाबांच्या भिंतीवर सावली नसते. म्हणून ५६ खोटे ठरले, तरी खरे ४४ त्यांच्यासाठी थोडे नव्हते.