पासवर्ड भक्कम असला तरी अपडेट कशाला?

प्रश्न : एटापल्लीत आमच्याकडे लिनक्सचा लॅपटॉप आहे. वायफायचा पासवर्ड भक्कम आहे, नेट मात्र मंद. तरीही अपडेट हवेच का?

उत्तर : हवेच. ऑक्टोबर 2022 मध्ये लिनक्सच्या वायफाय कोडमधल्या काही चुका उघड झाल्या. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची ओळख हवेत सोडतो आणि नेटवर्क शोधताना लॅपटॉप ती वाचतो. पासवर्डचा प्रश्न त्यानंतर येतो. एका चुकीत या ओळखीतल्या एका भागाची लांबी मोजताना तिच्यात दोन मिळवले जात, पण हिशेब एकाच बाइटमध्ये. बेरीज 255 च्या पुढे गेली की आकडा पुन्हा शून्यावर येई आणि राखलेल्या जागेपेक्षा 256 बाइट जास्त मजकूर शेजारच्या मेमरीवर चढे. हा दोष 2019 मधल्या 5.1 आवृत्तीपासून होता.

अशी बनावट ओळख सोडणारा हल्लेखोर वायफायच्या टप्प्यात असावा लागतो, त्यामुळे जंगलातल्या गावात धोका कमी, हे खरेच. पण तोच लॅपटॉप चंद्रपूरच्या बसस्थानकावरही उघडला जातो. नेट मंद असेल तर रात्री मोबाइल केबलने जोडून अपडेट लावून ठेवा. नंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा. त्याशिवाय लिनक्सचा जुनाच गाभा, म्हणजे कर्नल, चालू राहतो. तोवर बाहेर असताना वायफाय बंदच ठेवा.