तटाच्या आत कोण, बाहेर कोण?
(वेल्समधील दोन दुर्गनगरांची अभ्याससहल)

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम डोंगर उभा राहतो. पाठीवर शिदोरी, चढताना लागलेली धाप आणि माथ्यावर पोहोचल्यावर शिवरायांच्या नावाचा जयजयकार! आपल्या इतिहास विभागाच्या सहलींत मीही त्या जयजयकारात अनेकदा सामील झाले आहे. त्यामुळे किल्ला म्हणजे आपल्या माणसांनी आपल्या रक्षणासाठी बांधलेला, अशी एक समजूत मनात घट्ट बसून गेली होती. ती समजूत बरोबर घेऊनच मी गेल्या वर्षी पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला आले आणि वेल्समधील किल्ले पाहताना ती माझ्या चांगलीच अंगाशी आली. ती हकिगत, आणि तिच्या निमित्ताने मध्ययुगीन दुर्ग व नगर यांच्याविषयी शिकलेले थोडेसे, वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या वर्गाची सहल दोन दिवसांची होती. पहिला दिवस कॉन्वी या गावाचा, दुसरा कार्नारवनचा. बसमधून उतरताच सरांनी प्रत्येकाच्या हाती एक कागद दिला. त्यावर तीनच प्रश्न होते : हा किल्ला कोणी बांधला? कोणासाठी? आणि कोणाविरुद्ध? समोर नदीच्या मुखाशी खडकावर आठ गोल बुरुजांचा करडा किल्ला उभा होता, मागे स्नोडोनियाचे ढगांत बुडालेले डोंगर. मी उत्साहाने लिहून टाकले, "वेल्सच्या राजाने आपल्या प्रजेसाठी, इंग्रजांविरुद्ध." शेजारी वेल्सचीच एक वर्गमैत्रीण उभी होती. तिने माझा कागद वाचला, आधी हसली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "हा आमचा नव्हे. हा आमच्या उरावर बांधला आहे."

तिन्ही उत्तरे चुकली होती!

जिंकलेल्या मुलखातील किल्ला

तेराव्या शतकात उत्तर वेल्समधील ग्विनेथच्या राजघराण्याने बरेच बळ मिळविले होते. लिवेलिन अप ग्रिफिथ याला 1267 च्या तहाने इंग्लंडच्या राजाने 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यताही दिली होती. परंतु पुढे पहिल्या एडवर्ड राजाशी त्याचे वितुष्ट आले. डिसेंबर 1282 मध्ये लिवेलिन मारला गेला, पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ डेव्हिड याला देहान्त शासन झाले आणि वेल्सचे स्वातंत्र्य संपले.

मुलूख जिंकणे एक, राखणे दुसरे. एडवर्डने राखण्यासाठी दगडाचा आधार घेतला. 1283 मध्ये कॉन्वी, कार्नारवन आणि हार्लेक या तीन किल्ल्यांचे काम सुरू झाले. या कामांची सूत्रे सव्हॉय प्रांतातून आलेल्या जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या कुशल स्थपतीकडे होती. कॉन्वीचा किल्ला आणि गावकोस मिळून अवघ्या चार-पाच वर्षांत उभे राहिले आणि त्यांवर त्या काळचे सुमारे 15,000 पौंड खर्च झाले.

जागेची निवडही विचारपूर्वक होती. येथे पूर्वी सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ होता आणि 1240 मध्ये वारलेल्या थोरल्या लिवेलिनची समाधी त्याच मठात होती. एडवर्डने मठ तेथून उठवून नदीच्या वरच्या अंगाला माएनान येथे हलविला. मठाचे देवालय मात्र राहिले. ते आजही गावाच्या मध्यभागी चर्च म्हणून उभे आहे. पराभूत राजघराण्याच्या स्मरणस्थळीच विजेत्याने आपला किल्ला उभारला, याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

किल्ला आणि गाव : एकच यंत्र

आपल्या दुर्गांचे शब्द येथे सहज लागू पडतात. बुरूज आहेत, चर्या आहेत, बाण सोडण्यासाठी जंग्या आहेत, दोन्ही टोकांच्या दरवाज्यांपुढे संरक्षक कोट आहेत. आत एक आडवी भिंत घालून किल्ल्याचे दोन भाग केले आहेत. बाहेरच्या भागात शिबंदी आणि मोठे सभागृह, आतल्या भागात राजाराणीचे महाल. म्हणजे बाहेरचा भाग पडला तरी बालेकिल्ल्यासारखा आतला भाग लढविता यावा. शिबंदी मात्र फक्त 30 माणसांची असे आणि त्यांतील 15 आडव्या धनुष्याचे तिरंदाज. एवढ्या थोड्या माणसांनी किल्ला राखता येई, कारण रसद समुद्रमार्गे येत असे. 1294-95 च्या हिवाळ्यात वेल्श बंडखोरांनी खुद्द एडवर्डला या किल्ल्यात कोंडले, तेव्हा याच जलमार्गाने त्याला तारले.

परंतु मला खरी शिकवण मिळाली ती किल्ल्यात नव्हे, गावकोसावर. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा हा तट, त्याला 21 बुरूज आणि 3 वेशी. त्याच्या बऱ्याच भागावरून आजही चालता येते. एका बाजूला तटाबाहेर काढलेल्या शौचकूपांची बारा जणांची रांग पाहून वर्गात हशा पिकला. वारा असा, की डब्यातली पोळी हातात धरवेना. खाली गावातील सरळ आखीव रस्ते दिसत होते. सरांनी विचारले, "एवढा तट कोणासाठी?"

उत्तर असे की, या गावात इंग्लंडहून वसाहतकरी आणून बसविले होते. त्यांना 1284 च्या सनदेने जागा आणि व्यापाराचे हक्क दिले. किल्ल्याचा किल्लेदार हाच पदसिद्ध नगराध्यक्ष. किल्ल्याने गाव राखावे आणि गावाने किल्ल्याला माणसे, धान्य व पैसा पुरवावा, अशी ही जोडी. आसपासच्या वेल्श शेतकऱ्याने आपला माल येथील बाजारात आणावा, विकावा आणि परत जावे. तटाच्या आतले नागरिकत्व त्याच्यासाठी नव्हते. मी आजवर तटाकडे शत्रूला अडविणारी भिंत म्हणूनच पाहत होते. येथे ती ज्याची भूमी त्यालाच बाहेर ठेवणारी भिंत होती.

भिंतीला उत्तरही मिळत होते. 1401 च्या गुड फ्रायडेला शिबंदी चर्चमध्ये प्रार्थनेला गेली असता ट्यूडर घराण्यातील दोघा भावांनी मूठभर साथीदारांसह कॉन्वीचा किल्ला युक्तीने घेतला आणि काही आठवडे राखला. त्या काळच्या कायद्यांनी वेल्श लोकांना इंग्रजी नगरांत जमीन घेण्याची व नागरिक होण्याची मनाई अधिकच कडक केली.

कार्नारवन

दुसऱ्या दिवशीचा कार्नारवनचा किल्ला दिमाखदार आहे. बुरूज गोल नसून बहुकोनी, आणि दगडांत वेगळ्या रंगाचे पट्टे. हा नुसता लष्करी तळ नव्हे, नव्या राजवटीचे मुख्य ठाणे होते. एडवर्डचा मुलगा येथेच 1284 मध्ये जन्मला आणि 1301 मध्ये 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही पदवी त्याला मिळाली. जिंकलेल्याची पदवी जिंकणाऱ्याच्या मुलाकडे गेली! 1294 च्या मॅडॉगच्या बंडात वेल्श लोकांनी हे नगर घेतले, तट पाडला आणि अपुरा असलेला किल्लाही काबीज केला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ते परत मिळवून तट आधी दुरुस्त केला. 1969 मध्ये याच किल्ल्यात राजपुत्र चार्ल्स यांचा पदग्रहण सोहळा झाला, तेव्हाही वेल्समध्ये निषेधाचे आवाज उठले होते.

दुपारी पाऊस आला म्हणून आम्ही तटाच्या आतल्या एका चहाच्या दुकानात शिरलो. माझी मैत्रीण दुकानातल्या बाईंशी भराभर वेल्शमध्ये बोलू लागली. शेजारच्या टेबलावरची शाळकरी मुलेही वेल्शमध्येच भांडत होती. ज्या नगराने वेल्श माणसाला बाहेर ठेवले, तेथील बहुसंख्य लोक आज वेल्श बोलतात. तट जागच्या जागी आहे, वेशी आहेत, पण आत कोण राहील हे ठरविण्याची त्यांची सत्ता गेली. मला त्या बोलण्यातले एक अक्षरही कळत नव्हते. तरीही कागदावरच्या तीन प्रश्नांना चौथा प्रश्न जोडावा असे वाटले : आज येथे कोण राहते, आणि या भिंतींकडे ते कोणत्या नजरेने पाहतात?

आपल्याकडे पाहताना

परतीच्या प्रवासात मला वसईचा कोट आठवला. तोही परकीयांनी बांधलेला, तटाच्या आत पोर्तुगीजांची घरे, चर्चे आणि मठ, आणि समुद्रावर रसदीची भिस्त. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये तो घेतला, एवढेच आम्ही परीक्षेत लिहीत आलो. तटाबाहेरच्या गावांतील लोकांना त्या वेशीतून कधी आणि कशासाठी जाता येत होते, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही. आपल्या स्वतःच्या गडांबद्दलही तो विचारायला हवा. पायथ्याच्या वाड्या, गडावरची पेठ, दगड वाहणारे हात यांच्यावाचून गड पुरा होत नाही. प्रश्न विचारल्याने गडाविषयीचा अभिमान कमी होतो असे मला वाटत नाही. उलट त्याला पाया मिळतो.

एडवर्डचे चार किल्ले आणि त्यांपैकी दोन नगरांचे तट 1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले त्याच यादीत समाविष्ट झाले. एका यादीत विजेत्याचे किल्ले आहेत आणि परचक्राला तोंड देणाऱ्यांचेही. यादी दोघांना एकच मान देते. त्यांतील फरक ओळखणे हे आपल्यासारख्या अभ्यासकांचे काम आहे.

बसमध्ये मी माझ्या कागदावरची तिन्ही उत्तरे खोडून नव्याने लिहिली. मैत्रिणीने ती पुन्हा वाचली आणि यावेळी हसली नाही. फक्त 'लिवेलिन' या नावाचा माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला. तो मला अजूनही साधलेला नाही.