डोळ्यातला राखाडी डाग: चांदीचं काम करणाऱ्या घरांसाठी

सख्यांनो, जळगाव म्हटलं की सोनं आठवतं. पण जळगाव-धुळ्याच्या सराफ बाजारात चांदीचं कामही चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत तर बाया घरोघरी हे काम करतात. तुमच्या घरात कुणी चांदी गाळत किंवा उजाळत असेल, तर हा पाठ नीट वाचा.

आधी भीती काढू. अंगावरच्या तोड्या-जोडव्यांनी डोळ्यांना काही होत नाही. धोका आहे तो चांदीच्या क्षारांचा. चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवली की सिल्व्हर नायट्रेट तयार होतं. १८८१ मध्ये जर्मनीतल्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी याच्याच पातळ थेंबाने नवजात बाळांचं अंधत्व टाळण्याची पद्धत मांडली. म्हणजे थेंबभर असलं तर औषध. पण वर्षानुवर्षं शिंतोडे, धूळ, माखलेला हात डोळ्याला लागत राहिला, की चांदी डोळ्यात साठते आणि काळपट पडते.

ओळखायचं कसं?
डोळ्याचा नाकाकडचा कोपरा आणि खालच्या पापणीची आतली बाजू आधी राखाडी-निळसर दिसते. पुढे बुबुळावरही रंग चढतो. दुखत नाही, नजरही बहुधा शाबूत राहते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. काहींना मात्र रात्री कमी दिसतं. हा डाग कुठल्याच थेंबाने जात नाही. तो सांगतो की चांदी शरीरात जातेय. वेळीच थांबवलं तर वाढत नाही.

काय करायचं?
१. काम करताना बाजूनेही बंद असलेला चष्मा लावा. मालकाकडे काम असेल तर चष्मा त्याच्याकडे मागा, लाजू नका.
२. ॲसिडचं काम उघड्या हवेत करा, पोरांना लांब ठेवा.
३. साबणाने हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नका.
४. डोळ्यात ॲसिड उडालं तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं धुवा. तूप, दूध, मध काही घालू नका. धुऊन झालं की तडक दवाखाना गाठा. यात उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो.
५. अंधुक दिसलं की चांदीवर ढकलू नका, मोतीबिंदूही असू शकतो. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डोळे तपासा आणि आपलं काम डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पुढच्या बैठकीत: कुणाच्या घरी हे काम आहे ते विचारा. घरचंच काम असेल तर चष्म्यासाठी गटातून कर्ज देण्याचा ठराव घ्या.