शिंक आली की थेंब गळतात

प्रश्न : वय ३४. दुसऱ्या बाळंतपणाला वर्ष झालं. शिंकलं, भरलेली बादली उचलली की लघवीचे थेंब गळतात. व्यायामाने फरक पडेल?

उत्तर : बऱ्याच जणींना पडतो. पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर झोळीसारखा पसरलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशयाला त्याचाच आधार. गरोदरपणातला भार आणि प्रसूतीतला ताण यांनी तो सैलावतो.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये यावरचा व्यायाम मांडला. आकुंचनाचा दाब मोजणारं उपकरणही त्यांनी बनवलं, कारण नेमका कोणता स्नायू आवळला जातोय हे बाहेरून कळत नाही.

खरी गोम तिथेच आहे. अनेक जणी पोट आत ओढतात, नितंब घट्ट करतात, श्वास रोखतात. काही जणी तर चक्क खाली जोर लावतात! चारचौघांत गॅस अडवताना जे आवळलं जातं, तेच आत आणि वर खेचायचं. श्वास चालू ठेवायचा. ५ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. अशी ८ ते १० आवर्तनं, दिवसातून तीनदा. जमेल तसं धरणं १० सेकंदांपर्यंत न्यावं. लघवीची धार अडवून रोजचा सराव मात्र नको. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

शिंक येतेय असं वाटताच आधी आवळून घ्यावं.

किमान ३ महिने नेटाने करावं लागतं. लघवीत रक्त, जळजळ किंवा योनीमार्गात काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी.